दोन पाट्या, एकच हात

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले होते, की माझ्या दारावर 'सौंदर्य शस्त्रक्रिया' आणि 'पुनर्रचना शस्त्रक्रिया' अशा दोन पाट्या असल्या तरी आत बसलेली बाई एकच आहे. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कुणाला ते पटलं, कुणाला त्यात चलाखी वाटली, आणि एका आजोबांनी सरळच विचारलं, 'म्हणजे तुम्ही नक्की कसल्या डॉक्टर?' त्यांतली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लास्टिक सर्जन व्हायचंय. एकूण किती वर्षं लागतात आणि त्यात शिकवतात काय? माझी चित्रकला बरी आहे, तिचा उपयोग होईल का? घरचे म्हणतात, एवढं शिकून शेवटी सुरकुत्याच घालवायच्या ना!

उत्तर: आधी वर्षांचा हिशेब उरकून टाकू. वैद्यकीय पदवीची पाच-सहा वर्षं. त्यानंतर जगात साधारण दोन वाटा आहेत. एका वाटेने आधी जनरल सर्जरी करायची, तीन ते पाच वर्षं, आणि मग प्लास्टिक सर्जरीची आणखी तीन. दुसऱ्या वाटेने पदवीनंतर थेट प्लास्टिक सर्जरीचा पाच-सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम. पुढे कुणी हातात, कुणी चेहऱ्याच्या हाडांत, कुणी भाजलेल्या रुग्णांत एखादं वर्ष फेलोशिप करतं. पहिल्या दिवसापासून मोजलंस तर बारा-तेरा वर्षं धरून चाल.

मी पहिल्या वाटेने आले. हर्निया आणि अपेंडिक्स करताना मला सारखं वाटायचं, हे मला कशाला? आता वाटत नाही. रात्री तीन वाजता रुग्णाची नाडी वाढतेय, लघवी कमी होतेय आणि चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचं दिसतंय, हे ओळखायला मी तिथे शिकले. सुटलेल्या पोटाची जास्तीची कातडी काढून घ्यायला आलेल्या धडधाकट माणसाच्याही पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकू शकते. त्या रात्री नाजूक टाके कामाला येत नाहीत.

शिकवतात काय? बाकीच्या सर्जनांकडे एकेक अवयव असतो. कुणाकडे हृदय, कुणाकडे मूत्रपिंड, कुणाकडे हाडं. आमच्या वाट्याला अवयवच नाही, अडचण आहे. इथे कमी पडलंय, तिथे थोडं जास्तीचं आहे, आणि तिथलं इथे आणायचंय, तेही जिवंत. सगळी वर्षं जातात ती या 'जिवंत' शब्दापायी.

सुरुवात त्वचेच्या कलमापासून होते. मांडीवरून दोन-तीन दशांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढायचा आणि जखमेवर पसरायचा. पहिले एक-दोन दिवस तो खालून पाझरणाऱ्या द्रवावर कसाबसा तग धरतो. मग जखमेतल्या बारीक रक्तवाहिन्यांची आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांची तोंडं एकमेकांना मिळतात. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडायचं. गुलाबी दिसलं तर कलम धरलं. माझं पहिलं कलम पाचव्या दिवशी जांभळं होतं. खाली रक्त साचलं होतं, कारण रक्तस्राव पुरता थांबायच्या आत मी घाईने पापुद्रा पसरला होता. सर रागावले नाहीत. त्या रुग्णाची पुढच्या तीन आठवड्यांची सगळी ड्रेसिंगं त्यांनी माझ्याकडे दिली. रोज सकाळी त्या माणसाच्या पायाशी बसून मी माझीच घाई बघत होते.

त्यानंतर फ्लॅप. यात कातडी आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन जागा बदलते. उघड्या पडलेल्या हाडावर कलम धरत नाही, फ्लॅप धरतो, तो या सोबतच्या रक्तामुळे. भाजल्याचा आखडलेला व्रण सैल करायला झेड अक्षरासारखा छेद घेऊन दोन त्रिकोण उचलतात आणि त्यांची अदलाबदल करतात. कोन ६० अंशांचे ठेवले तर कागदावरच्या गणिताने लांबी ७५ टक्क्यांनी वाढते. कातडी कागदासारखी वागत नाही, हे तुला पहिल्याच ऑपरेशनात कळेल. तरी आधी कागद काप, मग कापड काप आणि शिव. माझ्या वसतिगृहातली एक अख्खी चादर यात गेली.

आणि मग सूक्ष्मदर्शक. तिथला धागा आपल्या केसाच्या निम्म्याहून बारीक असतो. आधी सिलिकॉनच्या नळ्या, मग कोंबडीच्या मांडीतल्या रक्तवाहिन्या, मग भूल दिलेल्या उंदराच्या पायातली मिलिमीटरभर रुंदीची धमनी. एवढ्याशा धमनीला आठ-दहा टाके. त्यातला एक जरी पलीकडच्या भिंतीत अडकला तर नळी बंद. भिंगाखाली स्वतःची नाडीसुद्धा हाताच्या बोटांत दिसते. चहा प्यायलेल्या सकाळी मला ती जास्त दिसायची, म्हणून त्या महिन्यांत चहा सोडला होता.

चित्रकलेचं विचारलंस. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेले सैनिक जिवंत परत येऊ लागले, तेव्हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरॉल्ड गिलीज यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये इंग्लंडात सिडकप इथे खास अशा सैनिकांसाठी रुग्णालय सुरू झालं. तिथे पाच हजारांहून जास्त सैनिकांवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. गिलीज यांच्या रुग्णांचे चेहरे पेस्टलमध्ये रेखाटले हेन्री टाँक्स यांनी. हे टाँक्स आधी सर्जन होते, मग चित्रकार झाले. मला चित्र येत नाही, पण प्रत्येक मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी वहीत रेघा मारते: छेद कुठून, कुठे वळायचं, उचललेली जागा कशाने मिटवायची. माणसाच्या दोन भुवया सारख्या नसतात हे चित्र काढणाऱ्याला न सांगता दिसतं. माझ्यासारखीला मोजावं लागतं.

घरच्यांना एवढंच सांग. १९५४ साली बॉस्टनमध्ये जुळ्या भावांत पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण करणारे जोसेफ मरे प्लास्टिक सर्जन होते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकाला दुसऱ्याची त्वचा लावली की शरीर ती काही दिवसांनी झिडकारतं, हे बघता बघता त्यांना तो प्रश्न लागला. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सुरकुत्यांचं काय ते आपण पुढच्या पत्रांत बोलूच.

प्रश्न: प्लास्टिक सर्जरीत शरीरात प्लास्टिक घालतात का? ते पुढे वितळत नाही?

उत्तर: नाही. ग्रीक भाषेत 'प्लास्टिकॉस' म्हणजे घडवता येण्याजोगं, मातीला आकार देतात तसं. जर्मनीत ग्रेफ यांचं नाक घडवण्यावरचं पुस्तक १८१८ मध्ये आणि त्साइस यांचं 'प्लास्टिक सर्जरी' हेच नाव मिरवणारं पाठ्यपुस्तक १८३८ मध्ये आलं. बेकलाइट हे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक १९०७ चं. म्हणजे हे नाव आमच्याकडे आधी आलं, बादलीकडे नंतर. आता कधी कधी आम्ही सिलिकॉन बसवतो, टायटॅनियमच्या पट्ट्या लावतो, नायलॉनने शिवतो, तेव्हा तुमची शंका अगदीच हसण्यावारी नेता येत नाही. पण वितळत काही नाही.

प्रश्न: माझ्या नातवाचा वरचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेले आहेत. सून सारखी स्वतःला दोष देते. ऑपरेशन कधी करायचं, किती करावी लागतील? कुणी म्हणतं दंतवैद्याकडे जा, कुणी म्हणतं कान-नाक-घसावाल्यांकडे. नटनट्यांची नाकं करणारा डॉक्टर बाळाला कसा चालेल?

उत्तर: आजी, सुनेला आधी हे वाचून दाखवा. पोटातल्या बाळाचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. त्या सुमारास बऱ्याच बायकांना आपण गरोदर आहोत हेही धड कळलेलं नसतं. जगात साधारण सातशे बाळांमागे एकाचं हे जुळणं अर्धवट राहतं. तिने काही केलं नाही आणि काही करायचं राहूनही गेलं नाही.

आत्ताचं पहिलं काम ऑपरेशन नाही, वजन. टाळू उघडा असल्यामुळे बाळाला दूध ओढता येत नाही. त्याला जवळजवळ बसतं धरा, अशा बाळांसाठी मिळणारी दाबून दूध देता येणारी बाटली वापरा, मध्ये मध्ये ढेकर काढा. दर आठवड्याला वजन करा आणि तो कागद जपून ठेवा. भेटीला याल तेव्हा मी सगळ्यांत आधी तोच मागेन. ओठाच्या ऑपरेशनसाठी आमच्यात एक जुना दहाचा नियम आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. म्हणून ओठ तिसऱ्या महिन्याच्या आसपास होतो. टाळू साधारण नऊ महिने ते वर्षभरात, बोलणं सुरू व्हायच्या आत, नाहीतर शब्द नाकातून येण्याची सवय जडते. हिरडीतली फट मोठी असेल तर सुळा यायच्या आधी, आठ-दहा वर्षांचा असताना, कमरेच्या हाडातला भुगा तिथे भरतात. नाकाचं उरलंसुरलं काम तो मोठा झाल्यावर. मधल्या काळात कानात पाणी साचून ऐकू कमी येतं का ते तपासत राहायचं.

म्हणजे दंतवैद्यही लागणार, कान-नाक-घसावालेही लागणार आणि वाचातज्ज्ञही. हे सगळे एका छताखाली भेटतील अशी टोळी शोधा. तो सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत तुमचं तिथे जाणं-येणं राहणार आहे.

नटनट्यांच्या नाकाचं म्हणाल तर सांगते. दुभंगलेला ओठ म्हणजे दोन कडा शिवून टाकणं नव्हे. तोंडाभोवती गोल फिरणारा स्नायू मध्येच तुटून वर नाकपुडीकडे चिकटलेला असतो. तो सोडवून, खाली आणून, एकमेकांना जोडावा लागतो. अमेरिकेतल्या मिलार्ड यांनी १९५० च्या दशकात एका बाजूचा ओठ फिरवून खाली आणायची आणि दुसरी बाजू पुढे सरकवायची जी पद्धत बसवली, तिची रूपं अजून चालतात. ओठाची लाली जिथे सुरू होते तिथे एक पांढरट रेघ असते. शिवताना ती एक मिलिमीटर वरखाली झाली तरी समोर बसून बोलणाऱ्याला आयुष्यभर दिसते. दूध पिणं आणि बोलणं हे गरजेचं, आणि ही रेघ तेवढी सौंदर्याची, असं मला तरी वेगळं काढता आलेलं नाही. तेव्हा ज्याचा डोळा असल्या रेघेवर बसलाय तोच बाळाला लागेल.

प्रश्न: कागद कापायच्या यंत्रात वडिलांचा उजवा अंगठा तुटला. आम्ही तो लगेच बर्फात घालून नेला. तिथल्या प्लास्टिक सर्जननी तो जोडता येणार नाही असं सांगितलं. आमचं काही चुकलं का? आणि हाताला प्लास्टिक सर्जन कशाला?

उत्तर: बर्फात नेमका कसा घातलात ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक जण घालतात तसा, थेट, घातला असेल तर अंगठ्याचं मांस गोठून पेशी फुटल्या असतील. तुम्ही ते भलं समजूनच केलंत आणि त्या गडबडीत कुणीही तेच केलं असतं. मनाला लावून घेऊ नका. पण बाकीच्यांनी हे कापून फ्रीजवर चिकटवा: तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, तो कोरड्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ मांसाला लागता कामा नये. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे असं थंड ठेवलेलं बोट कित्येक तास, कधी दिवसभरही, तगतं. मनगटाच्या वरून तुटलेला हात मात्र सहा तासांत हातचा जाऊ लागतो.

तोडलेला हात परत जोडणं १९६२ पर्यंत गोष्टीतच होतं. त्या वर्षी बॉस्टनमध्ये एका बारा वर्षांच्या मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात जोडला गेला. अंगठा जोडला जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी, १९६५ मध्ये. हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या उघड्या डोळ्यांनी शिवता येतात. बोटाच्या मिलिमीटरभर रुंद असतात, म्हणून सूक्ष्मदर्शक हवा. तो वापरायचं शिक्षण आमच्या अभ्यासक्रमात असतं, म्हणून प्लास्टिक सर्जन. काही ठिकाणी हाडांचे सर्जनही हाताचं वेगळं शिक्षण घेऊन हे करतात आणि उत्तम करतात.

आधी हाड स्थिर करायचं, मग ओढबंध, म्हणजे बोट वाकवणारे-सरळ करणारे दोर, मग धमनी, मज्जातंतू आणि शिरा. धमनी जोडली आणि क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवून धरणारा चिमटा, सोडला की पांढरंफटक बोट एका मिनिटात गुलाबी होतं. पंचवीसेक वर्षं ते बघतेय. अजूनही थिएटरमधलं सगळं बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं. शिरा त्याहून चिवट परीक्षा घेतात. रक्त आत येतंय आणि बाहेर जायला वाट नाही असं झालं की बोट निळं पडतं. मग आम्ही जळवा लावतो. होय, खऱ्या जळवा, औषधी कामासाठी वाढवलेल्या. नव्या शिरा तयार होईपर्यंतचे चार-पाच दिवस त्या साचलेलं रक्त ओढून घेतात. एकदा वॉर्डातली एक जळू रात्री भांड्यातून निघून गेली आणि सिस्टरने पहाटे मला फोन केला, 'मॅडम, एक पेशंट पळालाय.'

वडिलांसाठी अजून एक दार उघडं आहे. अंगठा गेला की हाताचं जवळजवळ चाळीस टक्के काम गेलं असं आम्ही धरतो. म्हणून पायाचं बोट तिथे बसवतात. ऐकायला विचित्र वाटतं, दिसायला तितकं नाही. चालायला फारसा त्रास होत नाही. मज्जातंतू दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतो, त्यामुळे स्पर्श यायला महिने लागतात. हातात खास शिक्षण घेतलेल्या सर्जनला एकदा दाखवा आणि वडील रोज हाताने नेमकं काय काम करतात ते लिहून न्या. सगळ्यांनाच नवा अंगठा लागतो असं नाही.

प्रश्न: मला नाक सरळ करून घ्यायचंय. जाहिरातींत कुणी 'कॉस्मेटिक सर्जन', कुणी 'एस्थेटिक तज्ज्ञ'. खरा कोण ते कसं ओळखायचं? तुम्ही करता का?

उत्तर: मी करत नाही. म्हणजे येतं, पण वर्षाला दहा-बारा नाकं करणाऱ्या बाईकडे तू येऊ नयेस. माझा हात हातांवर बसलाय, नाकावर नाही. माझा एक सहकारी आठवड्याला तीन-चार नाकं करतो आणि फाटलेला ओढबंध दिसला की मला फोन करतो. प्लास्टिक सर्जनांतही पोटजाती आहेत: नुसते भाजलेले रुग्ण बघणारे, नुसत्या कवट्या-जबडे करणारे, बरगडीच्या कूर्चेतून बाळांना कान कोरून देणारे. म्हणून 'प्लास्टिक सर्जन आहे' एवढ्यावर थांबू नकोस. हेच ऑपरेशन गेल्या वर्षात किती वेळा केलं ते विचार.

पाटीवरचे शब्द फसवे असतात. पुष्कळ देशांत 'कॉस्मेटिक सर्जन' हे बिरुद लावायला बारा वर्षं सोडा, बारा महिन्यांचंही शिक्षण सक्तीचं नाही. वैद्यकीय परवाना असला की झालं. तेव्हा पदवी कशातली, प्रशिक्षण किती वर्षांचं आणि कुठे, हे विचारायचं आणि वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत जुळवून बघायचं. लाज वाटून घेऊ नकोस. या प्रश्नावर ज्याच्या कपाळाला आठी पडते त्याच्याकडून नाक करून घेऊ नये.

भूल कोण देणार? रात्री दोनला रक्त वाहू लागलं तर फोन कोण उचलणार? मनासारखं झालं नाही तर दुरुस्तीचं काय? फोटो दाखवले तर वर्षानंतरचे दाखवा म्हण, कारण नाकाची सूज, विशेषतः शेंड्याची, उतरायला वर्ष जातं. सहाव्या आठवड्याचा फोटो म्हणजे अर्ध्यात थांबवलेली गोष्ट. फोटोंतला प्रकाश आणि मानेचा कोन आधी-नंतर सारखा आहे का तेही बघ. नुसती हनुवटी उचलली तरी नाक सुधारतं.

आणि 'ऑपरेशन कशाला, फिलरचं (कातडीखाली भरायच्या जेलीचं) एक इंजेक्शन देतो' असं कुणी म्हणालं तर विचार, 'हायल्युरोनिडेज कपाटात आहे का?' फिलर चुकून धमनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळा कायमचा जातो. हे औषध हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर विरघळवतं, पण ते हाताशी असावं लागतं. उत्तर द्यायला वेळ लागला तर पर्स उचल.

प्रश्न: लायपोसक्शनने पंधरा किलो उतरवून मिळतील का?

उत्तर: नाही. लायपोसक्शन म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. पाच लिटरच्या पुढे काढायला लागलं की धोका वाढत जातो, आणि काढलेल्यात नुसती चरबी नसते, आत सोडलेलं पाणीही असतं. लायपोसक्शन हे वजनाचं नव्हे, आकाराचं ऑपरेशन आहे. व्यायामानेही न हलणारी एखादी जागा असेल तर त्यासाठी या. पंधरा किलोंसाठी दुसरे डॉक्टर आहेत.

प्रश्न: वय ५४. कर्करोगासाठी दोन वर्षांपूर्वी एक स्तन काढला. आता प्रकृती चांगली आहे. परत बसवून घ्यावासा वाटतो, पण या वयात शोभेल का? मुली म्हणतात, कशाला आणखी एक ऑपरेशन.

उत्तर: गुडघा बदलून घेताना किंवा दात बसवताना 'शोभेल का' हा प्रश्न कुणी मला कधी विचारला नाही. तुम्ही का विचारताय ते कळतं, पण त्याचं उत्तर डॉक्टरने द्यायचं नसतं. मी सोय-गैरसोय सांगते.

उशीर झालेला नाही. दोनच काय, दहा वर्षांनीही करता येतं. सिलिकॉनचा इम्प्लांट हा छोटा मार्ग. पण तो जन्मभर पुरत नाही, पुढे कधीतरी बदलावा लागतो, आणि छातीला रेडिएशन झालं असेल तर त्याच्या तक्रारी वाढतात. दुसरा मार्ग मोठा: बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायची, छातीवर आणायची आणि बरगडीजवळच्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. सहा ते आठ तास, कधी जास्त. पहिल्या दोन रात्री सिस्टर दर तासाला येऊन त्या कातडीचा रंग आणि ऊब बघते. पोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण राहतो. स्पर्श पूर्वीसारखा येत नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

एक गंमत बघा. पोट सपाट करून घ्यायला येणाऱ्या बाईची हीच कातडी आणि हीच चरबी मी काढून टाकते. छेदही जवळजवळ तोच. तिच्या फाइलवर 'सौंदर्य' लिहितात, तुमच्या फाइलवर 'पुनर्रचना' लिहितील.

तिसरा मार्ग काहीच न करण्याचा. अनेक जणी तो निवडतात आणि मजेत राहतात. मुलींना घेऊन या, पण पहिली पंधरा मिनिटं एकट्या आत या.

प्रश्न: तुमचे गोड शब्द वाचले. पण तुमचा धंदा लोकांच्या न्यूनगंडावर चालतो. भाजलेल्यांची, अपघातात सापडलेल्यांची सेवा करा, त्याला कोण नाही म्हणेल? बाकी सगळी चैन आहे, आणि तुम्ही ती औषधाच्या नावाखाली विकता.

उत्तर: तुमच्या पत्रावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला.

'गरज' आणि 'चैन' यांच्यात रेघ कुठे मारायची ते मला सांगा. १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठी माणूस, इंग्रज फौजेतला बैलगाडीवान, टिपूच्या कैदेत सापडला; त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने कपाळाची कातडी खाली फिरवून त्याला नवं नाक करून दिलं. गालाच्या कातडीने नाक करायची कृती सुश्रुतसंहितेत आहेच. ते पत्र वाचून लंडनच्या कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तेच ऑपरेशन केलं. आज आम्ही नाकाच्या कर्करोगानंतर कपाळाचा तोच फ्लॅप वापरतो. पण नाकाशिवाय कावसजी जेवू शकत होता, श्वास घेऊ शकत होता, बैल हाकू शकत होता. मग ते नाक चैन का? त्याला नुसतं लोकांत जायचं होतं.

आता तुमच्या बाजूचं. तुम्ही म्हणता ते होतं, आणि माझ्याकडूनही झालंय. स्वतंत्र काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. तिशीतले एक गृहस्थ आले. हनुवटीवर सेंटिमीटरभर लांबीची खूण. आधी तीन ठिकाणी तिच्यावर ऑपरेशनं झालेली. मला वाटलं, तिघांना जमलं नाही, मी करून दाखवते. केलं. टाके इतके सुरेख पडले की मी फोटो काढून ठेवले. सहाव्या आठवड्याला ते भिंग आणि मोजपट्टी घेऊन आले. खूण आणखी वाईट झाली म्हणाले. नोकरी सोडली होती, घरातले आरसे काढून टाकले होते. तोवर मला कळायला हवं होतं की मी हनुवटीवर ऑपरेशन केलं, आणि दुखणं हनुवटीत नव्हतंच. आपल्या रूपातल्या, दुसऱ्याला दिसतही नाही अशा उणिवेने माणसाचा सगळा दिवस व्यापून टाकणारा हा आजार आहे. मानसोपचाराने त्याला उतार पडतो, सुरीने तो बहुधा चिघळतो. अभ्यासक्रमात त्यावर एक व्याख्यान झालं होतं. मी मागच्या बाकावर बसून ओढबंधाची गाठ मारायचा सराव करत होते.

तेव्हापासून सौंदर्यासाठी आलेल्या कुणालाही मी पहिल्या भेटीत तारीख देत नाही. आरसा हातात देते आणि एका बोटाने जागा दाखवायला सांगते. बोट भटकायला लागलं, किंवा 'हे झालं की माझं लग्न टिकेल' असं काही ऐकू आलं, की वही मिटते. अशी परत पाठवलेली माणसं दुसऱ्या दारात जाऊन ऑपरेशन करून येतात, हेही मला माहीत आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

ते गृहस्थ मी चिठ्ठी देऊनही दोन वर्षं मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले नाहीत. मग गेले असावेत. मध्यंतरी आईला घेऊन आले होते, तिचा हात वाफेने भाजला होता. मी ड्रेसिंग केलं, बोटं आखडू नयेत म्हणून व्यायाम दाखवले. ते शेजारी बसून नीट बघत होते आणि हनुवटीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. निघताना दारापाशी थांबले आणि विचारलं, 'डॉक्टर, आता कशी दिसते?' मी म्हटलं, मला शोधावी लागली. त्यांना ते पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. आईची पुढची तारीख विचारून घेतली आणि गेले.